ब्लीच कधी लागतं आणि कधी नाही: किनाऱ्यावरच्या घरांची साफसफाई

अलिबागहून रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन असं किनाऱ्याने खाली जावं, तर गावोगावच्या किराणा दुकानांत एक फळी हमखास दिसते. फिनेलच्या बाटल्या, ब्लीचिंग पावडरची पाकिटं, संडासासाठीचं निळं द्रावण, लाद्यांसाठीचं ‘ॲसिड’, आणि कोपऱ्यात कुठेतरी कपडे धुण्याचा साबण. नागाव, काशीद, दिवेआगरला घरोघरी पर्यटकांसाठी खोल्या निघाल्या आणि या फळीवरच्या मालाला चांगला उठाव आला. पाहुणा शनिवारी यायचा म्हणून शुक्रवारी न्हाणीघरात जे हाताला लागेल ते ओतायचं, ही पद्धतच पडून गेली आहे.

माझं मत आधीच सांगते. वर्षातले बहुतेक दिवस घराला साबण, पाणी, घासणं, कोरडं करणं आणि ऊन एवढं पुरतं. ब्लीच ठरावीक प्रसंगांसाठी आहे. त्या प्रसंगी मात्र ते खरोखर हवं, मापात हवं, आणि तेव्हा लिंबू किंवा कडुलिंबाने त्याची जागा भरून निघत नाही. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. रोजच्या लादीवर आपण ब्लीच ओततो आणि विहिरीत टाकताना माप बघत नाही.

गैरसमज: ब्लीचने घाण निघते.

ब्लीच जंतू मारतं आणि रंग उडवतं. तेलकटपणा, चिखल, साबणाचा थर उचलून नेण्याची ताकद त्यात फारशी नाही. ते काम साबणाचं. साबणाच्या कणाचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला, आणि घासल्यावर मळ पाण्याबरोबर वाहून जातो. जंतू बहुतेक त्या मळातच बसलेले असतात, त्यामुळे मळाबरोबर तेही जातात. ओट्यावरच्या पिवळ्या डागावर ब्लीच टाकलं तर डाग फिका पडतो, तेलाचा थर जागच्या जागी राहतो, आणि आपल्याला वाटतं ओटा लख्ख झाला.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे घाणीवर ओतलेलं ब्लीच वाया जातं. त्यातला क्लोरीन समोर येईल त्या सेंद्रिय पदार्थाशी भिडतो. माती, शेवाळ, अन्नाचे कण, सगळ्यांशी. जंतूपर्यंत पोचेपर्यंत त्याचा जोर संपलेला असतो. २२ जुलै २०२१ च्या महापुरात सावित्री आणि गांधारीचं पाणी महाड शहरात शिरलं आणि ओसरताना घराघरांत चिखल ठेवून गेलं. अशा वेळी सगळ्यांत आधी पावडर शिंपडायची घाई होते. क्रम मात्र ठरलेला आहे. पहिल्यांदा फावड्याने चिखल काढायचा, मग पाण्याने धुवायचं, मग साबणाच्या पाण्याने घासायचं, आणि लादी डोळ्यांना स्वच्छ दिसू लागली की त्यानंतर ब्लीचचं पाणी फिरवून दहा मिनिटं तसंच राहू द्यायचं. चिखलावर पांढरी पावडर टाकून निघून गेलं तर फक्त चिखल पांढरा होतो.

पुराच्या घरात हा शेवटचा टप्पा वगळू नये. पुराच्या पाण्यात संडासाच्या टाक्यांतली घाण असते, उंदरांचं मूत्र असतं आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पायाला चीर किंवा जखम असेल तर गमबूट घातल्याशिवाय चिखलात उतरू नये.

गैरसमज: वास आला म्हणजे घर स्वच्छ झालं.

या समजुतीमागे मोठा इतिहास आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा नगरपालिकेने घरं, चाळी आणि गटारं कार्बोलिक ॲसिडने धुवून काढली. तो उग्र वास म्हणजेच आरोग्य, हे त्या पिढीच्या मनावर ठसलं आणि पुढे फिनेलच्या रूपाने घराघरांत राहिलं. पण १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवून दिलं की प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो. म्हणजे भिंतींवर मारलेल्या कार्बोलिकचा रोख मुळातच चुकीच्या जागी होता. वास घरभर होता, रोग उंदराबरोबर फिरत होता.

स्वच्छतेच्या नावाखाली काय काय घडतं याचं याहून जळजळीत उदाहरण आपल्याच जिल्ह्यात, महाडला आहे. चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव तिथल्या नगरपालिकेने १९२४ साली केला होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक त्या तळ्याचं पाणी प्यायले. त्यानंतर गावातल्या सवर्णांनी १०८ घागरींचा विधी करून, पाण्यात शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळून तळं ‘शुद्ध’ केलं. त्याच तळ्यावर गुरं पाणी पीत होती, त्याचा विटाळ कोणाला नव्हता. आरोग्याच्या हिशेबाने त्या दिवशी पाण्यात घाण पडली ती या शुद्धीमुळेच. तळ्यावरच्या हक्काचा न्यायालयीन निकाल अस्पृश्यांच्या बाजूने कायम व्हायला १९३७ साल उजाडावं लागलं. शुद्धता आणि स्वच्छता यांची गल्लत झाली की माणसाचा अपमानही होतो आणि पाणीही नासतं. आज गोमूत्राचं फिनेल घेताना किंवा उग्र वासाचं द्रावण ओतताना एकच प्रश्न विचारावा: याने मळ निघतो का, की नुसतं समाधान मिळतं?

स्वच्छ लादीला वास नसतो. फिनेलचा वास येत असेल तर तिथे फिनेल आहे, एवढंच कळतं.

गैरसमज: न्हाणीघरातले डाग ब्लीचने जात नसतील तर त्यात ॲसिड मिसळावं.

हा गैरसमज जीवावर बेतणारा आहे, म्हणून जरा खोलात जाते.

किनाऱ्यावरच्या विहिरी आणि बोअरिंगचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं, काही ठिकाणी मचूळ. नळाच्या तोटीवर, बादलीच्या कडेला, लाद्यांवर जो पांढरा खडखडीत थर चढतो तो चुन्याचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा. त्याच्यावर ब्लीचचा काहीही परिणाम होत नाही, कारण ब्लीच अल्कधर्मी आहे. तो थर आम्लात विरघळतो. व्हिनेगर, लिंबू, सायट्रिक ॲसिडचं पाणी, यांपैकी काहीही चालतं. तोटीभोवती व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेवलं की थर मऊ पडतो आणि जुन्या ब्रशने निघतो.

दुसरे डाग तांबूस. जांभ्याच्या प्रदेशात पाण्यात लोह उतरतं आणि पांढऱ्या चादरी, शाळेचे सदरे हळूहळू पिवळट-तांबूस दिसू लागतात. इथे बहुतेक घरांत ब्लीच काढलं जातं, आणि तिथेच चूक होते. क्लोरीन लोहाचा गंज आणखी पक्का करतो. ब्लीचमध्ये भिजवल्यावर चादर जास्तच पिवळी का झाली, याचं कोडं ज्यांना पडलं असेल त्यांना हे उत्तर. त्या डागावर लिंबू चोळून, मीठ टाकून कापड उन्हात ठेवायचं; आम्ल लोह विरघळवतं. नंतर खळखळून धुवायचं.

आता होतं काय, की ब्लीच टाकून डाग जात नाही. मग त्याच ओल्या लादीवर संडासाचं निळं द्रावण किंवा बिनलेबलचं ॲसिड पडतं. या द्रावणांत हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ जर्मन सैन्याने खंदकांवर सोडला तो हाच वायू. तो हवेपेक्षा जड असतो, म्हणून लहानशा, बंद न्हाणीघरात खालीच साचतो, आणि लादी घासायला उकिडवी बसलेली बाई नेमकी त्या थरात असते. डोळे चुरचुरणं, घसा जळणं, खोकल्याची उबळ, छातीत आवळल्यासारखं होणं, ही लक्षणं दिसली की बादली आणि झाडू टाकून आधी बाहेर मोकळ्या हवेत यावं. ‘एवढं धुऊन मग येते’ असं म्हणू नये. दारं-खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि वायू निवळेपर्यंत परत आत जाऊ नये. श्वास लागत असेल तर दवाखाना गाठावा. फुप्फुसावरचा परिणाम काही तासांनीही वाढू शकतो.

व्हिनेगरही आम्लच आहे, म्हणून ‘घरगुती आहे, काही होत नाही’ म्हणत तेही ब्लीचमध्ये घालू नये. अमोनिया असलेल्या काच पुसण्याच्या द्रावणांशीही ब्लीचची गाठ घालू नये; त्यातून क्लोरअमाइनचे वायू निघतात आणि तेही छातीला तितकेच वाईट. नियम एकच आहे: ब्लीच फक्त पाण्यात मिसळायचं.

गैरसमज: खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र केलं की जबरदस्त क्लीनर तयार होतो.

फेस येतो, म्हणून बघायला छान वाटतं. प्रत्यक्षात आम्ल आणि अल्क एकमेकांना मारतात आणि उरतं थोडं खारट पाणी. सोडा वेगळा वापरला तर तेलकट भांड्याला उपयोगी, व्हिनेगर वेगळं वापरलं तर चुन्याच्या थराला. आणि कडाप्पा, संगमरवर, सिमेंटच्या लादीवर व्हिनेगर किंवा लिंबू नको. या सगळ्यांत चुना आहे, आम्लाने लादीचं तेज कायमचं जातं.

गैरसमज: जुन्या पद्धती म्हणजे गरिबीतली तडजोड.

मासळी साफ करणाऱ्या घरात जाऊन बघावं. बांगडा किंवा कोळंबी निवडून झाली की विळी, परात आणि हात यांना जो वास चिकटतो, तो ट्रायमिथाइलअमाइन नावाच्या रसायनाचा. ते अल्कधर्मी आहे आणि सहज हवेत उडतं, म्हणून नाकाला लगेच जाणवतं. कोकणातली बाई त्यावर कोकमाचं आगळ, चिंच किंवा लिंबाची फोड चोळते. आम्ल त्या रसायनाला बांधून ठेवतं, त्याचा क्षार होतो, आणि क्षार हवेत उडत नाही. मग साबणाने धुतलं की काम झालं. ब्लीच मारलेल्या विळीला मासळीचा वास जाऊन ब्लीचचा येतो, आणि स्टीलवर बारीक खड्डे पडू लागतात, कारण त्यातला क्लोराइड स्टील खातो.

चुलीची राख आणि नारळाचं सोडण हेही असंच. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं. ओल्या राखेने तेलकट कढई घासली की काही तेलाचा जागच्या जागी साबणच होतो. भाताच्या तुसाच्या राखेत सिलिका असते, ती घासायला धारदार. तांब्याच्या हंड्याला चिंच किंवा आमसूल आणि मीठ, कारण काळपट ऑक्साइड आम्लात विरघळतं. दिवाळीआधी भिंतींना चुन्याची सफेदी देण्यामागेही शास्त्र आहे. ओला चुना इतका तीव्र अल्कधर्मी असतो की त्यात बुरशी आणि बहुतेक जंतू तगत नाहीत, आणि पुढे हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा पातळ दगडी थर बनतो.

पण जुनं ते सगळं सोनं, असं मला म्हणायचं नाही. प्लास्टिक जाळलेल्या चुलीची राख भांड्यांना लावू नये. घरात कोणाला उलट्या-जुलाब लागले असतील तर संडासाची कडी, नळ, लादी लिंबाच्या पाण्याने पुसून भागत नाही. जुलाबाचे काही विषाणू, विशेषतः नोरोव्हायरस, साध्या अल्कोहोलच्या सॅनिटायझरलाही दाद देत नाहीत. तिथे आधी साबणाने धुवून मग ब्लीच हवंच. आणि ताज्या शेणात जंतू असतात. रांगत्या मुलाच्या खोलीत किंवा जखमेजवळ शेण नको.

गैरसमज: पावसाळ्यातली बुरशी ब्लीचने मरते.

वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात ऑगस्टपर्यंत भिंतीच्या कोपऱ्यात काळी नक्षी उमटणारच. त्यावर ब्लीच मारलं की ती दिसेनाशी होते, पंधरा दिवसांत परत येते. प्लास्टर आणि लाकूड सच्छिद्र असतात. ब्लीचमधलं पाणी आत झिरपतं, क्लोरीन वरच संपतो, आणि आतल्या धाग्यांना उलट ओल मिळते. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था बुरशी काढताना ब्लीच सर्रास वापरू नये असं सांगते, ते याच कारणाने: ओल थांबली नाही तर बुरशी परत येणार. गळकं कौल किंवा स्लॅबची चीर बुजवणं, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढणं, उघडीप मिळाली की खिडक्या सताड उघडणं, साबणाच्या पाण्याने पुसून पंख्याखाली सुकवणं, हाच खरा उपाय. पुसताना तोंडाला रुमाल बांधावा.

गैरसमज: जितकं जास्त, तितकं सुरक्षित.

मार्च २०२० मध्ये उत्तर प्रदेशातल्या बरेलीत गावी परतलेल्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर सोडियम हायपोक्लोराइट फवारलं गेलं. त्या फवारणीने कोणाच्याही शरीरातला विषाणू मरणार नव्हता. लोकांचे डोळे आणि कातडी मात्र जळली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला १८ एप्रिलला माणसांवर फवारणी करू नका असं स्पष्ट सांगावं लागलं.

आपल्याकडे हाच अतिरेक विहिरीवर होतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या आसपास किनाऱ्यावर आदळलं, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, आणि कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. अशा वेळी विहीर हाच आधार असतो आणि तिच्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकणं अगदी योग्य. पण किती? चांगल्या प्रतीच्या पावडरीत ३३ टक्के क्लोरीन असतो आणि नेहमीच्या स्वच्छ दिसणाऱ्या १,००० लिटर पाण्याला साधारण अडीच ग्रॅम पुरते. तीन मीटर रुंदीच्या गोल विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते होतं साधारण २८,००० लिटर. त्याला लागते सत्तर ग्रॅम पावडर, म्हणजे छोटी वाटीभर. गढूळ पाण्याला जास्त लागते, पण तीही चाचणी करून. अंदाजाने किलोभर पाकीट रिकामं केलं की पाणी तोंडात धरवत नाही, आणि लोक कंटाळून ओढ्याचं पाणी आणतात. म्हणजे जे टाळायचं तेच घडतं.

पावडर थेट विहिरीत फेकायची नसते. बादलीत थोड्या पाण्यात तिची लापशी करायची, मग बादली भरून ढवळायची, चुन्याचा गाळ खाली बसू द्यायचा, आणि वरचं निवळ पाणी तेवढं विहिरीत मिसळायचं. किमान अर्धा तास, शक्यतो तासभर थांबायचं. त्यानंतर ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ओटी टेस्ट करतो. पाणी फिकट पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे. लिटरला ०.२ मिलिग्रॅम उरला तरी पिण्याच्या पाण्याला चालतं.

घरातल्या मापांचंही तसंच. झाकण घट्ट बंद असलेल्या बाटलीतल्या घरगुती द्रवरूप ब्लीचमध्ये चार ते पाच टक्के क्लोरीन असेल तर लादीसाठी लिटरभर पाण्यात २० मिलिलिटर पुष्कळ झालं. उलटी, जुलाब किंवा रक्त सांडलेली जागा असेल, तर आधी पुसून धुवून मग ९०० मिलिलिटर पाण्यात १०० मिलिलिटर. पाणी गारच हवं, गरम पाण्यात ब्लीच विघटतं. आज केलेलं पाणी आजच वापरावं. उघड्या पाकिटातली पावडर दमट हवेत दुबळी होत जाते. जिचा वास दुकानभर दरवळतो तिच्यातला क्लोरीन उडून चाललेला असतो. आणि न्हाणीचं पाणी केळीला किंवा अळवाला सोडलेलं असेल, तर ब्लीच आणि ॲसिडचं धुवण त्या पाटात जाऊ देऊ नये.

गैरसमज: साफसफाई करताना खोकला यायचाच.

नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली सहा हजारांहून जास्त लोकांची वीस वर्षांची माहिती तपासली. घरी किंवा कामावर साफसफाई करणाऱ्या स्त्रियांच्या फुप्फुसांची क्षमता, साफसफाई न करणाऱ्या स्त्रियांपेक्षा जास्त वेगाने घटलेली दिसली. एवढ्यावरून अमुकच बाटलीने असं झालं म्हणता येत नाही, पण काळजी घ्यायला ते पुरेसं आहे. सुट्टीच्या दिवसांत पर्यटकांच्या आठ-दहा खोल्यांची न्हाणीघरं एकापाठोपाठ घासणारी बाई मला या आकड्यांत दिसते. पाहुणा दोन रात्री राहून जातो, ती वर्षभर त्या वाफा ओढते. खोलीवाल्यांनी तिला हातमोजे द्यावेत, न्हाणीघराला झरोका किंवा पंखा ठेवावा, फवाऱ्याऐवजी फडक्याने द्रावण लावायला सांगावं, आणि रोजच्या कामासाठी तिच्या हाती साबणच द्यावा. चादरी पांढऱ्याशुभ्र दिसाव्यात म्हणून तिने खोकत राहावं, हे मला मान्य नाही.

गैरसमज: पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ॲसिड ओतून ठेवलं तर काय बिघडलं?

सुटं ॲसिड आणि ब्लीच घ्यायला लोक शीतपेयाची किंवा पाण्याची बाटली घेऊन दुकानात जातात. घरी ती बाटली मोरीजवळ उभी राहते आणि तहानलेलं मूल तिला तोंड लावतं. ॲसिडच्या खुल्या विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये निर्बंध घातले, ते ॲसिड हल्ल्यांच्या खटल्यात; तरी सुटी विक्री थांबलेली नाही. मुलाने असं काही प्यायलंच, तर ओकारी काढू नये, कारण वर येताना तेच द्रावण अन्ननलिका दुसऱ्यांदा जाळतं. तोंड पाण्याने धुवावं, मूल शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर थोडं पाणी पाजावं, आणि ताबडतोब रुग्णालयात न्यावं. बाटली सोबत घ्यावी. मूळ बाटली असेल तर लेबल वाचून डॉक्टरांना लगेच कळतं की पोटात काय गेलं आहे आणि किती तीव्रतेचं.